भरदुपारी ‘आई’ म्हणून हाक मारू नये

ही घटना शंभर टक्के खरी आहे. यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

ज्याच्या बाबतीत ती घडली तो एर्मानो क्वार्ता उत्तर इटलीतल्या तोरीनोच्या (ट्युरिनच्या) एका विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करतो. म्हणजे ‘शंभर टक्के खऱ्या’ घटना तो रोज सकाळी साडेआठपासून ऐकतो आणि त्यांतल्या निम्म्या फेटाळतो. ही त्याने फेटाळलेली नाही. मंजूरही केलेली नाही. फाईल अजून उघडी आहे.

स्थळ : लेच्चे. इटलीच्या अगदी टाचेवरचं जुनं शहर. काळ : जून २०१९, शुक्रवार चौदा ते रविवार सोळा.

वेळ मात्र रात्रीची नाही. रात्री सगळे गाढ झोपले होते. वाचकांची निराशा होईल, पण इलाज नाही. जे काही झालं ते दुपारी दोन ते पाच या वेळात झालं. रखरखीत उन्हात.

एर्मानोची आई ऐंशी वर्षांची. मूळची लेच्चेचीच. एकोणिसाव्या वर्षी एक ट्रंक घेऊन तोरीनोला गेली आणि एकतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवली. तिचं बाप्तिस्म्याचं नाव अद्दोलोराता, म्हणजे दुःखी माता. तोरीनोत या नावाला सगळे हसायचे, म्हणून तिने ते कापून दोरा केलं. शिवणकाम करणारी बाई, कापायला घाबरत नाही.

मार्चमध्ये ती स्वयंपाकघरात घसरून पडली. एकटीच राहते. अकरा तास फरशीवर होती.

त्यानंतर एर्मानोने एका वृद्धाश्रमात तिची खोली ठरवली. सोमवार, सतरा जून. इटलीत सतरा तारखेला शहाणा माणूस नव्या कामाला हात घालत नाही, म्हणूनच ती तारीख रिकामी होती.

सगळं ठरलं होतं. फक्त आईला सांगायचं राहिलं होतं.

“तू सांगतोस की मी सांगू?” बायको मिरेल्ला महिनाभर विचारत होती.

“लेच्चेला नेतो तिला. तीन दिवस मजा करू. तिथे सांगतो.”

“म्हणजे बोकडाला आधी हार घालायचा.”

“तू गप्प बस.”

तर असे चौघे निघाले. एर्मानो, मिरेल्ला, त्यांची सोळा वर्षांची मुलगी जिनेव्रा, आणि आई.

जुन्या गावात, पिवळसर दगडाच्या एका घरात त्यांनी दुसरा मजला भाड्याने घेतला होता. तीन खोल्या. सगळ्यात आतली आईला दिली, कारण ती थंड होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. एक पलंग, एक कपाट, भिंतीला टेकलेली एक खुर्ची. बस.

घरमालकीण पाल्मिराबाईंनी किल्ल्या दिल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “दोन ते पाचमध्ये आतल्या खोलीचं दार लागलेलं दिसलं तर ठोकू नका. पाचला आपलं आपण उघडतं.”

“बिजागरी बिघडली आहे का?” एर्मानोने विचारलं.

“नाही हो. बिजागरी नवीन आहे.”

आईने पाल्मिराबाईंकडे पाहिलं. पाल्मिराबाईंनी आईकडे पाहिलं.

“कोंत्रोरा,” आई म्हणाली.

दुपारच्या त्या तीन तासांना तिकडे कोंत्रोरा म्हणतात. उलटी वेळ. दुकानं बंद, देवळं बंद, खिडक्यांची झापडं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

एर्मानोकडे मात्र बघायच्या ठिकाणांची यादी होती.

“आत्ता बाहेर?” आई म्हणाली. “अरे, या वेळेला फक्त कुत्री आणि तोरीनोची माणसं बाहेर पडतात.”

“तू पण तोरीनोचीच आहेस की, आजी.” जिनेव्रा.

“मी तिथे कामाला होते.”

मग तिने एर्मानोचा दंड धरला.

“एक ऐक. परत आलास की मला ‘आई’ म्हणून हाक मारू नकोस. पाचच्या आत नाही. नावाने मार.”

“तुला? नावाने?”

“माझी आजी सांगायची. आई कोणीही असते. या वेळेत हाक मारलीस की जिला आपलं पोर आठवेल ती ओ देते.”

एर्मानो हसला. जगात दोन प्रकारची माणसं असतात, असं तो ऑफिसात सांगत असे : सांगितलेलं न ऐकणारी, आणि दावा नामंजूर झाल्यावर रडणारी. ती दोन्ही एकच असतात, हे त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

दीड तास तिघे भाजून निघाले. सांता क्रोचे चर्च बंद. मोठं देऊळ बंद. आइस्क्रीमवालासुद्धा बंद. साडेतीनला घामाघूम होऊन परत आले आणि दार उघडताच एर्मानो सवयीने ओरडला,

“आई! आलो गं आम्ही!”

आतल्या खोलीतून आवाज आला.

“ओ…”

थकलेला. लांबून आल्यासारखा.

आणि त्यांच्या मागे, जिन्यावर, पावलं वाजली.

आई वरून उतरत होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात कंगवा.

“गच्चीवर केस वाळवत होते,” ती म्हणाली. मग तिने मुलाचा चेहरा पाहिला. “मारलीस ना हाक?”

तिघांनी पुन्हा आत पाहिलं.

आतल्या खोलीचं दार बंद होतं.

त्यामागे काहीतरी घासत गेलं… दगडी फरशीवर, सावकाश… लाकडाचे चार पाय.

मग ‘टक्’.

एर्मानोने दाराची मूठ फिरवली. दार हललं नाही. आतून कोणीतरी मुठीखाली खुर्चीची पाठ अडकवली होती.

पाचला देवळाची घंटा वाजली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. खुर्ची भिंतीला टेकून, जागच्या जागी.

“उन्हाने लाकूड फुगतं,” एर्मानो म्हणाला.

“आणि ओ कोण देतं? लाकूड?” मिरेल्लाने विचारलं.

शनिवारी तो दिवसभर विषय काढायला गेला आणि दिवसभर जमलं नाही. सकाळी आई पेस्ट्री खात होती. आतल्या गरम कस्टर्डने हनुवटी माखलेल्या बाईला वृद्धाश्रमाबद्दल सांगता येत नाही. दुपारी ती झोपली, मिरेल्लाच्या पलंगावर. “माझी खोली आत्ता रिकामी नाही,” असं म्हणून. संध्याकाळी ती साठ वर्षांपूर्वीची गल्ली शोधत फिरली आणि सापडल्यावर रडली. तेव्हाही सांगता येत नाही.

मिरेल्लाने मात्र पाल्मिराबाईंना कॉफीला गाठलं.

“माझी वीता आत्या,” पाल्मिराबाई बर्फात कॉफी ओतत म्हणाल्या. “नवरा गेला, दोन्ही मुलं मिलानोला. एका दुपारी आली, हिला घेऊन जायला. तिकडे कुठल्याशा नन लोकांकडे ठेवणार होते. ही आत गेली आणि मुठीखाली खुर्ची लावली. मुलं बाहेरून ‘आई, आई’ करत बसली. पाच वाजता दार फोडलं.”

“आणि?”

“आणि आत कोणी नव्हतं.”

“खिडकीतून—”

“खिडकी कुठे आहे?”

“मग गेली कुठे?”

“ते तिने कळवलं नाही.”

मिरेल्लाने हे रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याने पाठ फिरवून झोपायचा प्रयत्न केला. जमला, असं तो म्हणतो.

रविवार. संध्याकाळी सव्वासातची गाडी. जेवण झालं, भांडी विसळून झाली. आता पळायला जागा नव्हती.

दोनला दहा कमी असताना एर्मानोने सांगितलं. खाली बघत, एका दमात, जशी तो नामंजुरीची पत्रं वाचून दाखवतो. डॉक्टर काय म्हणाले, ते अकरा तास, बाग किती छान आहे.

आईने पूर्ण ऐकलं.

“कधी?”

“उद्या.”

“उद्या सतरा तारीख.”

“दुसरी नव्हती गं.”

“एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बुडाखालच्या गाद्या शिवल्या,” आई म्हणाली. “माझं स्वतःचं बूड कुठे टेकायचं, ते मी ठरवीन.”

ती उठली, आपली पिशवी घेतली आणि आतल्या खोलीत गेली.

दार लागलं.

खुर्ची घासत गेली… टक्.

“आई!” एर्मानो धावला. “आई, असं काय करतेस!”

“ओ…” आईचा आवाज.

“ओ…” दुसरा आवाज.

जिनेव्राने कानातले इअरफोन काढले.

आत दोन बायका बोलू लागल्या. हळू आवाजात, लेच्चेच्या बोलीत, भराभर. एर्मानोला ती बोली अर्धीच कळते. एक विचारत होती, दुसरी सांगत होती. मग दोघी हसल्या. आई कित्येक वर्षांत तशी हसली नव्हती.

त्याने खांदा लावला. दार भिंतीसारखं. पाल्मिराबाईंना वर बोलावलं. त्या जिन्यातच थांबल्या.

“फोडू का?” एर्मानोने विचारलं.

“त्यांनीही फोडलं होतं,” त्या म्हणाल्या.

साडेतीन. चार. चारनंतर आतलं बोलणं हळूहळू विरत गेलं… दोघी खोलीतच, पण जरा लांब गेल्यासारख्या. दहा फुटांच्या खोलीत लांब जायला जागा नाही, हे एर्मानोला माहीत होतं. त्याने पहिल्याच दिवशी ती मापली होती.

सव्वाचार. आता आवाज जेमतेम येत होता.

“बाबा,” जिनेव्रा म्हणाली. ती रडत होती. “आजीने सांगितलं होतं तसं कर ना. नावाने.”

पन्नाशी उलटलेल्या माणसाने बायको-मुलीसमोर आईला नावाने हाक मारणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्याला माहीत. त्याने घसा साफ केला.

“दोरा?”

काही नाही.

“पूर्ण नाव घे,” मिरेल्ला कुजबुजली.

“अद्दोलोराता क्वार्ता!”

आतली कुजबुज थांबली.

मग, अगदी दाराजवळून,

“कोण आहे?”

“मी. एर्मानो.”

“काय काम आहे?”

सरकारी खिडकीवरची बाई विचारते तसं.

“बाहेर ये. मग बोलू आपण. तुझ्या मनाविरुद्ध काही करणार नाही.”

आत कुजबुज झाली.

“ही म्हणते, हिची मुलंही असंच म्हणाली होती.”

पाल्मिराबाईंनी जिन्यात छातीवर क्रूसाची खूण केली.

“मग काय करू? सांग!”

“तू सांग. इथून पुढे कुठे जायचं ते मला पाचपर्यंत ठरवायचं आहे. हिच्याकडे जागा आहे.”

पाचला वीस कमी होती.

त्याने दाराशी उकिडवं बसून वृद्धाश्रमाला फोन लावला, आवाज मोठा करून, फोन फटीजवळ धरून. रविवार. बराच वेळ वाजला. शेवटी एका नर्सने उचलला.

“उद्याची खोली रद्द करायची आहे.”

“कारण?”

“आईची इच्छा नाही.”

“अहो, तशी तर कोणाचीच नसते. फॉर्मवर तसा रकाना नाही. ‘मृत्यू’ लिहू का ‘इतर’?”

“इतर!” एर्मानो किंचाळला. “इतर लिहा!”

“ओरडताय कशाला? लिहिलं. पण सांगून ठेवते, ही खोली पुन्हा मिळायची नाही.”

“नको मिळायला!”

पाचला पाच कमी. दोन कमी. मिरेल्लाने त्याचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

घंटा वाजली.

दार उघडलं.

आई पलंगावर बसली होती. पायात बूट, मांडीवर पिशवी. खुर्ची भिंतीला टेकलेली.

“गाडी किती वाजता म्हणालास?” तिने विचारलं.

ती एकटीच होती. फक्त पलंगावर, तिच्या शेजारी, गादी खाली दबलेली होती… आणि ती सगळ्यांच्या देखत हळूहळू वर आली.

जुलैमध्ये पाल्मिराबाईंचा फोन आला. स्वर जरा तक्रारीचा होता.

“ते दार आता लागतच नाही. तीन आठवडे झाले. जाताना तुम्ही काही घेऊन गेलात का?”

टॉवेलबद्दल विचारावं तसं.

तोरीनोत आईच्या शेजारणीने एर्मानोला जिन्यात अडवलं. “तुमच्या आईंकडे कोणी पाहुण्या आल्यात का हो? दुपारी काय गप्पा रंगतात दोघींच्या!”

ऑक्टोबरमध्ये आई पुन्हा पडली. तीच फरशी. दुपारचे तीन. या वेळी रुग्णवाहिका बारा मिनिटांत दारात. कोणीतरी फोन केला होता. एर्मानोने धंद्याची सवय म्हणून त्या फोनची नोंद काढायला लावली. आईच्याच घरातला फोन. बोलणारी बाई वयस्कर, उच्चार पार दक्षिणेकडचे. नाव विचारल्यावर तिने फोन ठेवला.

आई बेशुद्ध होती.

दवाखान्यात त्याने तिच्या उशाशी बसून शेवटी विचारलंच. “तुझ्याकडे कोणी राहतं का?”

“भाडं लावायचा विचार आहे का तुझा?” आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

एर्मानोने पुन्हा विचारलेलं नाही. दुपारी दोन ते पाच तो तिच्या घरी जातही नाही. ऑफिस असतं, असं सांगतो. शनिवारी पण.

वृद्धाश्रमातली ती खोली अलेस्सांद्रिया गावच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांना मिळाली. जेवण बरं असतं, असं ते म्हणतात.