मामाने बुजवलेलं भोक

या बाळांनो, जवळ सरका, गुडघ्याला गुडघा लागू द्या. सुट्टीत मामाकडे आलेल्या तीन भावंडांची गोष्ट सांगते: ताई, सतत खाणारा बकासुर आणि धाकटी चिमणी.

मामा बर्फाळ डोंगरात राहायचा आणि पाहुण्यांना बर्फाच्या घरांत उतरवत असे. ही घरं आजोबांच्या पद्धतीची: रांगत जावं लागेल एवढं बुटकं दार, आत उंच ओटा, छपराला मुठीएवढं भोक.

"बर्फात ऊब कशी राहते हो?" बकासुराने एकदा विचारलं होतं.

"भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, गोधडीतल्या कापसात असते तशी," आजोबा म्हणाले होते. "आपल्याच अंगाची ऊब वर चढून ओट्यापाशी थांबते, थंडी खाली दारात बसते. आणि भोक कोंदट हवेसाठी. देवाने दिलेला श्वास कोंडू नये, रे."

आजोबा गेले, आणि यंदा मामाने दार उंच केलं. "पाहुणे काय रांगत येणार?" मग ऊब दारातूनच पळाली. म्हणून त्याने दाराला जाड घोंगडी लावली, आत कोळशाची शेगडी ठेवली आणि वरचं भोक बुजवून टाकलं.

एका दुपारी तान्हं बाळ घेऊन एक काकू आल्या. आत जायला बिचकत होत्या.

"ती बघा आमची भुरी," मामा आत पडलेल्या कुत्रीकडे बोट दाखवत म्हणाला. "सकाळपासून हलली नाही. इतकं उबदार आहे आत."

काकू ओट्यावर आडव्या झाल्या. मामाने घोंगडी सोडली.

थोड्या वेळाने बकासुराने घोंगडी सारून बिस्किटाचा पुडा वाजवला. भुरी उठली नाही.

"पुडा वाजला की ही स्वर्गातूनही धावत येईल," ताई हसली. मग तिचं हसू थांबलं. तिने भिंतीला हात लावला. काचेसारखी गुळगुळीत! शेगडीने बर्फ वितळून पुन्हा गोठला होता, आतल्या हवेच्या वाटा बुजल्या होत्या. तिने वर पाहिलं. भोक नव्हतं.

"काकू, बाहेर चला. आत्ता."

"डोकं ठणकतंय गं..." काकू उठल्या आणि तशाच कोसळल्या.

ताईने बाळ उचलून चिमणीच्या हातात दिलं. मग तिने आणि बकासुराने काकूंच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं.

"पाहुण्यांना ओढता काय, कार्ट्यांनो?" मामा धावत आला.

"मग तू भुरीला उठव," चिमणी म्हणाली.

मामाने हाक मारली. आत जाऊन तिला हलवलं. मग तिचं ताठरलेलं अंग उचलून बाहेर आणलं आणि मांडीवर घेऊन बर्फातच बसला.

मोकळ्या हवेत बाळ मोठ्याने रडू लागलं. काकूंनी डोळे उघडले.

डॉक्टर येऊन काकूंना तपासून गेले. "कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो," ते म्हणाले. "पोरांनो, दोन जीव वाचवलेत." सगळ्यांनी पाठ थोपटली. बकासुराचा पुडा मात्र तसाच राहिला.

"भुरीला शेगडी कधीच आवडायची नाही," चिमणी म्हणाली. "मग ती आत गेलीच का?"

"मी हाक मारली म्हणून," मामा म्हणाला, आणि बुजवलेलं भोक हातांनीच उकरू लागला.

बाळांनो, थंडीत शेगडीपाशी बसाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा. आणि गार वारा आत आला की हाकेला ओ देणाऱ्या भुरीची आठवण काढा.