सहाशे बारा सह्यांची चोरी

या, जवळ सरका. टाळ स्वल्प खाली ठेवा. एका चोरीची गोष्ट सांगतो. चोर माझ्याआधी ओळखलात, तर आरतीचा नारळ तुमचा.

सन १९५८. बंगळुरात, बसवनगुडीतल्या विठ्ठल मंदिरात एकादशीचं कीर्तन संपलं, आरती झाली आणि पुजारी हयवदन ओरडला, “अय्यो! कपाट रिकामं!”

कपाटात अर्ज होता. वॉर्डाचे कौन्सिलर नरसिंहराव यांनी निवडणुकीत याच देवळात तुळस हातात धरून शपथ घेतली होती: “अर्ध्या वॉर्डाने सही करून जा म्हटलं, तर त्याच दिवशी खुर्ची सोडीन.” कायद्यात तशी सोय नव्हती. रावांना वाटलं, देवापुढे बोललेलं कोण लक्षात ठेवतो? निवडून आले आणि सार्वजनिक नळाचं पाणी त्यांनी आपल्या गुलाबांकडे वळवलं.

चार घरची भांडी घासणारी ठकुबाई दोन वर्षं तळ्यावरून घागरी वाहत होती. तिनेच दारोदार फिरून सहाशे बारा सह्या नि अंगठे जमवले, अर्ध्या वॉर्डाहून जास्त. अर्ज उद्या सकाळी द्यायचा होता. त्यानंतर रावांचे गुंड दम देऊन गेले होते. पुन्हा कोणी सही करणार नव्हतं.

ठकुबाई पायरीवरच बसली. “अक्का, गेलं सगळं?”

अनुसूयाअक्का म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. कीर्तनाच्या मध्यंतरी श्रोत्यांच्या कपाळी बुक्का लावायचा मान त्यांचा. आज डबी अभिषेकाच्या पाण्यात पडली, म्हणून त्यांनी अष्टगंधावर भागवलं. अंगठा अजून केशरीच होता.

“दार लावा,” त्या म्हणाल्या. “कीर्तनाआधी अर्ज मी डोळ्यांनी पाहिलाय. किल्ली कुठे असते, कोणाला ठाऊक?”

तिघांना. हयवदन, पेटीवाला शिवाप्पा आणि अर्जाचा मजकूर लिहिणारे वकील बिंदुमाधव.

“शिवाप्पा, मध्येच उठला होतास?”

“मी उठलो असतो, तर पेटी काय विठोबाने वाजवली असती, अक्का?”

लोक हसले. शिवाप्पाने कपाळ पुसलं. बोटं केशरी झाली.

“हयवदना?”

“मी बुवांच्या मागे उभा. तुम्हीच गंध लावलंत की!”

“बिंदुमाधवराव?”

“मी? पहिल्या अभंगापासून आरतीपर्यंत त्या खांबाला टेकून! उत्तररंगात ध्रुवाचं आख्यान झालं. विचारा काहीही!” वकिलांच्या भुवयांमध्ये काळाभोर बुक्का शोभत होता. “असल्या चोराला चाबकाने फोडला पाहिजे!”

“मध्ये कुठे गेला नाहीत?”

“शपथ घेऊ?”

“नको. या देवळात एक शपथ झाली, तेवढी पुरे.”

अक्कांनी आपला अंगठा उंच धरला.

“हा रंग बघा. मध्यंतरी इथे असलेल्या प्रत्येक कपाळावर हाच आहे. बुक्का आज देवळात नव्हताच. मग तुमचा टिळा काळा कसा, वकीलसाहेब?”

बिंदुमाधवांचा हात कपाळाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

“पूर्वरंग चालू असताना तुम्ही अर्ज घेऊन मागच्या दाराने घरी गेलात. गल्ली ओलांडली की तुमचं घर. तोवर इथे मध्यंतर उरकलं. कोरं कपाळ दिसेल, म्हणून घरचा बुक्का लावून परतलात. नवखा चोर तसाच आला असता. मी म्हटलं असतं, लावायचा राहिला असेल. तुम्ही पडलात वीस वर्षांचे श्रोते! रीत तेवढी शिकलात.”

“जावयाला कॉर्पोरेशनात चिकटवतो म्हणाले राव...” वकील पुटपुटले.

“सरी, ठीक आहे. हयवदना, ह्यांच्या देवघरात बघ. बुक्का घ्यायला गेले, तेव्हा अर्ज हातात असणार.”

अर्ज मिळाला, देवांच्या तसबिरीमागे. चोरीला राखणदारही देवच हवा!

सकाळी सगळा वॉर्ड रावांच्या अंगणात. राव मिशीत हसले. “ती तुळस वाळकी होती हो. वाळक्या तुळशीची शपथ लागत नाही.”

“नळ तुमच्या गुलाबांना गेला, राव,” ठकुबाई म्हणाली. “तुळस ओली राहील कशी?”

असा काही हशा उठला की गुंडही तोंड फिरवून हसले. त्या हशातच रावांनी राजीनाम्यावर सही केली. दम द्यायला माणसं मिळतात. हसू थांबवायला कुठून आणणार?

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. नारळ कोणाचा ते तुम्ही ठरवा. मात्र घागर भरताना एवढं आठवा, त्या अर्जावरचा पहिला अंगठा ठकुबाईचा होता.