नाव न घेतलेली ओवी

“तू माझ्या पोरीला मुद्दाम लंगडी ओवी शिकवलीस, लीले.”

रेडिओ केंद्राच्या व्हरांड्यात मनुबाई हे हळूच बोलल्या, पण लीलाच्या काळजात चर्र झालं. सासू, सून आणि नणंद विजयमाला, तिघी कुंडलहून पहाटेच्या एसटीने सांगलीला आल्या होत्या. आज विजयमालाची आवाज चाचणी! पास झाली तर पोरीचा गळा घरोघरी ऐकू जाणार. नापास झाली तर येत्या लग्नसराईत तिला उजवायचं आणि गाणं चुलीत घालायचं, असं मनुबाईंनी ठरवूनच टाकलं होतं.

ओवी लीलाच्या माहेरची, उंब्रजची. ‘दारी लाविला दिवा, डोंगरीच्या देवाचा...’ या ओळीवर विजयमाला दरवेळी अडखळायची. अडखळणारच! मूळ ओळीत देवाचं नाव होतं, आणि तेच नाव लीलाच्या नवऱ्याचं, म्हणून शिकवताना तिने ते बदललं होतं. नवऱ्याचं नाव ओठांवर आणलं की त्याचं आयुष्य घटतं, हे अंगावर हळद होती तेव्हाच आईने तिला बजावलं होतं... आणि तो तर एकाहत्तरच्या लढाईवर गेलेला! लढाई संपली, कुंडलचे, इस्लामपूरचे जवान घरी आले. त्याचा मात्र अजून पत्ता नव्हता.

“माले, तितं तुझ्या दादाचं नाव हाय,” लीला कशीबशी म्हणाली.

विजयमालाने नाव घालून पाहिलं. ओळ जास्तच लंगडली.

“वयनी, हेल कुठं घिऊ? म्या कवा ऐकलंच न्हाई. एकदा म्हणून दाव की... आता बोलीवतील मला.”

लीलाने सासूकडे पाहिलं. ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले, त्याचंच आपल्या जिभेने वाईट झालं तर? पण ही पोर... आपण लग्न होऊन आलो तेव्हा एवढीशी परकरातली, आपल्याच कुशीत निजून ओव्या शिकलेली! लीलाने डोळे मिटले, मनोमन त्याची क्षमा मागितली आणि गायली,

“दारी लाविला दिवा, ज्योतिबाच्या गं नावाचा...”

‘बा’वर सूर लांबला, थरथरला आणि अलगद खाली उतरला.

मनुबाई ताडकन उठल्या. तेवढ्यात आतून विजयमालाला हाक आली. ओळ ओठांतल्या ओठांत घोळवत ती आत गेली आणि जाड दार बंद झालं.

लीला मान खाली घालून उभी राहिली. “आत्याबाई, चुकलं माझं. काय बोलायचं ते बोला.”

मनुबाईंनी दाराला कान लावून पाहिला.

“आतलं कायबी ऐकू येत न्हाई गं,” त्या म्हणाल्या आणि लीलाकडे वळल्या. “माझ्या लेकाला एवढ्या मायेनं म्या बी कवा हाक मारली न्हाई... तू थांबू नगंस, लीले. पुन्यांदा म्हण. वाट चुकला असंल, तर ऐकंल तरी.”

लीलाने त्यांचा हात घट्ट धरला आणि त्याचं नाव घेतलं.