चढतीच्या डाव्या गाठी

जुना पायजमा होता, पट्ट्यापट्ट्यांचा. गुडघ्यावर विरला होता, म्हणून एका दुपारी मागच्या पायरीवर बसून मी त्याच्या चिंध्या फाडत होतो. वेलीला बांधायला. सुतळीने कोवळं खोड काचतं, चिंधीने काचत नाही. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. जे आहे ते पुढे आहे, आणि त्याचा शेवट वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आता दिवा जरा जवळ ओढा आणि ऐका.

ही वेल माझ्या बायकोने आणलेली. हायड्रेंजियाचीच जात, पण ही भिंत चढते. तिचं पूर्ण नाव लांबलचक, आमच्या दोघांच्याही जिभेवर ते कधी बसलं नाही. बायको तिला नुसती 'चढती' म्हणायची. हिला सावली मानवते, म्हणून घराच्या मागच्या भिंतीशी लावली. रोपवाटिकेवाल्या बाईंनी बजावलं होतं, "काका, हिला घाई करायची नाही. पहिली काही वर्षं ही जमिनीखालीच संसार मांडते. वर काही दिसत नाही म्हणून उपटाल!"

उपटली नाही. पण बायकोशी वाद मात्र घातला. अगदी हिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक वेल असते, तोतया. मी म्हणायचो, तुला तीच दिली गळ्यात बांधून. ओळखायचं कसं? तर फुलावरून. बारीक फुलांची एक चपटी चकती येते आणि तिच्या कडेने मोठी पांढरी फुलं. त्या कडेच्या फुलांना चार-चार पाकळ्या असतील तर वेल खरी. एकेकच पाकळी असेल तर तोतया.

"फुलू दे, मग बघू कोणाचं तोंड पडतं ते," बायको म्हणायची.

वेल फुलली नाही. बायको त्याआधीच गेली.

आता गाठींचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही दोघंही जन्मभर धान्याच्या गोदामात होतो, गोण्या भरून बांधायच्या कामावर. गाठ बघून कोणाचा हात ते कळायचं तिथे. बायको डावखुरी, तिची गाठ उलट्या अंगाने सुटायची. हमाल वैतागायचे. "वहिनींची गोणी सोडायची म्हणजे आरशात बघून दाढी करायची," म्हणायचे. शिवाय आमच्या खुणा होत्या. गोणी कुठे फाटायला लागली असेल तर तिथे आडवी चिंधी बांधायची. म्हणजे हिच्याखाली उभं राहू नका, आधी बाजूला घ्या. आणि भरून तयार झालेल्या गोणीच्या गाठीवर फासा वर काढून ठेवायचा. म्हणजे माल तयार, गाडी आली की उचला. फाशात बोट घालून उचलायला बरं पडायचं.

तर पायजमा फाडला त्या वर्षी लेक बाळंतपणाला आली होती. चिमणी म्हणतो मी तिला. आधीची दोन पोटातच गेली होती. डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं, पलंग सोडायचा नाही. मागची खोली शांत, म्हणून तिला तिथे ठेवलं. पलंग खिडकीखाली, भिंतीला लावून. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला चढती.

मी वेल वर छपराकडे वळवत होतो. खिळे मारून ठेवले होते, कोवळा फुटवा आला की खिळ्याला बांधायचा. एकदा तो चिकटला की त्याच्या मुळ्याच भिंत धरतात, मग चिंधी नको. एका सकाळी बघतो, तर वरचे दोन फुटवे कोणी सोडले होते आणि आडवे, खिडकीच्या बाजूला बांधले होते. माझ्याच पायजम्याच्या चिंध्यांनी. मी गाठ सोडायला गेलो. बोटं अडली. उलट्या अंगाने सुटली ती.

जावयाला विचारलं. तो ट्रक चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी.

"बाबा, मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही," तो म्हणाला. "तुमच्या लेकीला विचारा."

"हो, मीच!" चिमणी आतून म्हणाली. "हे पोट घेऊन शिडीवर चढले होते. वर चंद्रही पुसून आले."

आम्ही हसलो. मी फुटवे पुन्हा छपराकडे बांधले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आडवे.

मी चिंध्यांचा डबा उचलून माझ्या खाटेखाली ठेवला. मग वेलीवर आली ती चिंधी वेगळी होती. गडद निळी, जाडसर. तिला तागाचा आणि कपड्याच्या साबणाचा वास येत होता. तो वास मी कुठेही ओळखेन. बायकोचा गोदामातला एप्रन होता तो. आणि तो एप्रन, सांगतो ना... तिला शेवटचा निरोप देताना आम्ही तिच्या अंगावर घातला होता.

त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुपारी चिमणीजवळ बसलो होतो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हळूच म्हणाली, "बाबा... ऐकू येतं?"

ऐकू येत होतं. भिंतीच्या आतून की बाहेरून, कळेना. टप... टप... टप... लहान मुलाला झोपवताना पाठीवर थोपटावं तसं.

"वेलीची साल असेल," मी म्हणालो. "जुन्या खोडाची साल सुटते. वाऱ्याने आपटते."

"आई अशीच थोपटायची," ती म्हणाली. "मला छान झोप लागते, बाबा."

बाहेर वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

आणि माझ्या मनात ते आलं. आई लेकीला न्यायला आली आहे. वेल धरून खिडकीपर्यंत पोचली आहे. जिवंतपणी ती कधी कोणाच्या वाटेला गेली नाही, पण मेलेल्या माणसाचं काय सांगावं? एकटेपणा माणसाला काय करायला लावतो, ते मला ठाऊक होतं. त्यानंतर काही दिवस मी घरामागे गेलोच नाही.

मग थंडी वाढली. चढतीची पानं पिवळी पडून गळली. भुरभुर पाऊस सुरू झाला, आणि त्याच दिवशी चिमणी म्हणाली, "बाबा, आज थोपटणं जोरात आहे. झोप येत नाही."

मी मोठी कात्री घेतली. धुकं होतं, दुपार असून तिन्हीसांजा झाल्यासारखं. ओल्या मातीचा वास, आणि त्यात तो तागाचा. वेलीसमोर उभा राहिलो. म्हणालो, "हे बघ, माझं चुकलं असेल तर मला ने. पोरीला हात लावू नकोस."

वळचणीचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

कात्री उघडली आणि वर बघितलं. पानं नव्हती, त्यामुळे सगळ्या निळ्या चिंध्या पहिल्यांदाच एकत्र दिसल्या. एकही खिळ्याला बांधलेली नव्हती. या फांदीपासून त्या फांदीपर्यंत, आडवी. तिच्या खाली दुसरी, आडवी. तिरक्या ओळीने, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली पलंगाच्या उंचीपर्यंत.

आडवी चिंधी. हिच्याखाली उभं राहू नका, आधी बाजूला घ्या.

मी कात्री टाकली, दोन्ही हातांनी खोडं बाजूला केली. मागे भिंत फाटलेली. छपरावरचं पाणी उतरणारा पाइप कधीतरी तडकला होता आणि पाणी बाहेर न येता भिंतीत मुरत होतं. फटीत माझी बोटं गेली. आतल्या विटा मऊ, भिजल्या पावासारख्या. आणि मी हात लावून होतो तेव्हाच आतून काहीतरी सुटलं. टप.

कसा आत गेलो ते आठवत नाही. जावई घरी होता, ते नशीब.

"पोरीला उचल! आत्ता!"

"बाबा, डॉक्टरांनी हलवू नका सांगितलंय..."

"अरे उचल म्हणतो ना!"

माझा आवाज असा त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने तिला उचललं, मी उशी धरली. पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. चिमणी रडत होती, जावई माझ्याकडे म्हातारा चळला म्हणून बघत होता. चहा ठेवला, तो उकळायच्या आत मागची भिंत बसली. फार मोठा आवाजही नाही झाला. दमलेलं माणूस खाली बसतं, तशी. सगळ्या विटा पलंगावर.

जावयाने चहा गाळला, कपात कमी आणि ओट्यावर जास्त. पुढे बराच वेळ त्याने माझा हात सोडला नाही.

नात झाली. पूर्ण दिवसांची, ठणठणीत. रडते अशी की शेजारचे घड्याळ लावतात. भिंत नवी बांधली. चढतीची एक बाजू ढिगाऱ्यातून वाचली होती, गवंड्याने ती जपून बाजूला धरली. उन्हाळ्याच्या तोंडाला तिला कळ्या आल्या. फुलल्या त्या दिवशी मी नातीला कडेवर घेऊन पाकळ्या मोजल्या. चार. दुसऱ्या फुलालाही चार.

"जिंकलीस बाई," मी म्हणालो. "पडलं माझं तोंड." आणि मनावरचं ओझं असं उतरलं, की पायरीवर बसून मी पोटभर हसलो. नातही हसली. तिला काय कळलं, देव जाणे.

आता मी नीट झोपतो. भीती म्हणाल तर गेली.

एवढंच, की गेल्या आठवड्यात चढतीचा एक फुटवा उलट दिशेला बांधलेला दिसला. माझ्या खोलीच्या खिडकीकडे. निळ्या चिंधीने. मी गवंड्याला बोलावलं. त्याने भिंत इथून तिथून ठोकून बघितली. "खणखणीत आहे, काका," म्हणाला. "तुम्हा-आम्हाला पुरून उरेल." पाइपही बघितला, कोरडा.

तो गेल्यावर मी गाठ नीट बघितली. चिंधी आडवी नव्हती. साधीच गाठ होती, डाव्या हाताची, घट्ट. आणि तिच्यावर, तयार गोणीवर असतो तसा, फासा वर काढून ठेवलेला होता, बोट घालून उचलायला बरं पडावं म्हणून.

मी ती सोडली नाही. पाणी घातलं वेलीला, आणि आत आलो.