बिल्ल्यावरचं नाव

पटलं नाही तर वाचून सोडून द्या. मी भांडायला येणार नाही. पण यात एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

साल बहात्तर. चैत्रातली अमावास्या. जागा... पेणजवळच्या जोह्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, मिठागराच्या बांधालगतचं एक घर.

वेळ मध्यरात्रीची नव्हती. दिवेलागणीची होती.

त्या घरात माझी आत्या राहायची. धोंडुबाई. एकटीच.

तिचा नवरा पहिल्या मोठ्या लढाईत लामावर गेला. तेव्हा लढाईवर जाण्याला लामावर जाणं म्हणायचे. मुंबईला बोटीत चढला, बसऱ्याला उतरला आणि...

पुढे काहीच नाही.

प्रेत नाही. राख नाही. निरोप नाही. सासरची माणसं मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. त्यानंतर कधीतरी सरकारकडून एक चांदीचा बिल्ला आला.

आत्याने कुंकू पुसलं नाही. लोक बोलायचे. ती म्हणायची, "तेंना मेलेलं कुणी बघितलंय?"

तो बिल्ला मी लहानपणी खूप हाताळलाय. एका बाजूला राजाचं डोकं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडाबंब माणूस. साहेबाला कपडे पुरले नाहीत वाटतं, म्हणून आम्ही पोरं हसायचो. फरशीवर पडला की राणीछाप रुपयासारखा खणखणायचा. आणि त्याच्या काठावर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती.

ते आत्याच्या नवऱ्याचं नाव.

मला इंग्रजी कुठलं वाचायला. आत्याला तर मराठीही वाचता येत नव्हतं. पण रोज दिवा लावला की ती त्या काठावरून अंगठा फिरवायची. सावकाश... या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. आत्याने ते लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. तोंडाने घ्यायची चोरी, म्हणून ती अंगठ्याने घ्यायची.

आणि ती म्हणायची, नाव घेतलं की ते येतात.

मिठावरून पावलं वाजतात. कुरकुर... कुरकुर... ओटीपर्यंत येतात. थांबतात. मग परत जातात.

मी हसायचे. एकटीने राहून म्हातारीला भास होतात, दुसरं काय. पेणला आमचा गणपतींचा कारखाना. नवरा काळुराम साचे काढायचा, मी मूर्तींचे जोड घासायचे. घरात दिवसभर माणसांचा राबता. मला एकटेपण काय ठाऊक.

त्या अमावास्येला मासळीवाली हौसा सांगत आली. आत्याने बोलावलंय, आजच ये. मी हातातलं काम टाकलं, एस.टी. धरली आणि जोह्याहून चालत गेले.

आत्या ओटीवर बसली होती. मला बघून तिचे डोळेच भरले. तिने बिल्ला माझ्या हातात दिला.

"चंद्रा, बघ गो. ह्यो तेंचाच हाय का?"

मी विचारलं, असं का विचारतेस?

"होळीपासून पावलं वाजत नाय," ती म्हणाली.

त्या वेळी मला हसू आलं नाही. पावलं वाजतात म्हणून घाबरणारी माणसं मी पाहिली होती. ती वाजत नाहीत म्हणून रडणारी बाई पहिल्यांदाच पाहत होते.

मी बिल्ला उजेडात धरला.

राजाचं नाक बसकं झालेलं. घोड्याच्या पायाखालचं सगळं एकमेकांत मिसळलेलं. अंगावर टाचणीने टोचावीत तशी बारीक भोकं. साच्यात ओतताना हवा अडकली की अशी भोकं पडतात. आमच्या मूर्तींना रोज पडतात. खरा बिल्ला ठशाने दाबून काढलेला असतो, त्याला ती नसतात.

मी तो फरशीवर टाकला.

थप्प.

मग काठ पाहिला. साच्याच्या दोन भागांचा जोड तिथे येतो. करणाऱ्याने तो कानशीने घासून साफ केला होता...

काठ कोरा होता.

"कोणाला दिला होतास?" मी विचारलं. हळूहळू सगळं निघालं. माघात एक मुंबईचा माणूस आला होता. बिल्ल्याचा फोटो काढतो, सरकारातून काहीतरी मिळवून देतो म्हणाला. बिल्ला घेऊन गेला, पंधरवड्याने परत आणून दिला. चहा प्यायला आणि मुंबईची गाडी पकडून गेला. शौकीन लोक असले जुने बिल्ले जमवतात, हे मला पुढे कळलं. मला त्या माणसाचा इतका संताप आला की सांगता येत नाही. आणि आत्याचाही आला. ज्याला त्याला ओटीवर बसवायची तिला खोडच होती.

पण मी खोटं बोलले नाही. म्हटलं, आत्या, हा ओतीव आहे. यावर नाव नाही.

ती म्हणाली, तिच्या अंगठ्यालाही ते कळलं होतं. तिला वाटलं, आपलंच बोट मेलं.

मी म्हटलं, नाव मला सांग, कुणाकडून तरी ठोकून आणते. तिने मान हलवली. ती ते सांगू शकत नव्हती. आणि दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. माझे वडील त्यांना दाजी म्हणायचे, तेही वारले होते. गावात त्यांच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं.

एका माणसाचं नाव फक्त एका म्हातारीच्या पोटात उरलं होतं.

दिवेलागण झाली. आत्याने दिवा लावला. पदर डोक्यावरून घेतला आणि ती ओटीच्या कडेला जाऊन उभी राहिली. समोर मिठागर. माणूस नाही, काणूस नाही. वाराही पडलेला.

"आयुष्य घटतं ना गो नाव घेतल्यावर?" तिने मला विचारलं.



मग तिने नाव घेतलं.

मोठ्याने. खाडीकडे तोंड करून. एकदाच.

मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

आधी काहीच झालं नाही. रातकिडे ओरडत होते...

मग ते थांबले.

आणि लांब बांधापाशी... कुरकुर.

मिठावर जड बूट पडत होते. घाई नव्हती. कुरकुर... कुरकुर... मी डोळे फाडून बघत होते. मीठ पांढरं दिसत होतं. त्यावर कुणी नव्हतं.

पावलं ओटीच्या पायरीशी आली.

थांबली.

आत्याने हात पुढे केला. अंधारात चाचपडावा तसा. हात रिकामाच फिरला...

पावलं परत गेली नाहीत. नुसती थांबली.

आत्या तिथेच खाली बसली. मी तिला धरून रात्रभर बसले. उजाडलं तेव्हा मी एकटीच होते. तिच्या कपाळावर कुंकू तसंच होतं.

मी खूप रडले. पण मनात एक समाधान होतं. म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी दोघांची गाठ पडली. तेरावं उरकून मी पेणला आले.

त्याच दिवशी, दिवे लागताना, कारखान्यात मी एकटी होते. जमिनीवर प्लास्टरचा चुरा पडलेला असतो.

दाराजवळ तो चुरा वाजला.

कुरकुर... कुरकुर...

आवाज माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला.

म्हणजे गाठ पडलीच नव्हती. ती गेली, आणि तो मागेच राहिला.

आज मी ऐंशीच्या घरात आहे. कारखाना मुलं बघतात. पण घरात कुणी नसलं आणि दिवे लागले की पावलं अजून येतात. त्यांनी मला कधी त्रास दिलेला नाही. येऊन उभी राहतात, एवढंच. काय हवंय तेही मला कळतं. ते नाव ऐकलेलं आता मीच एक उरलेय.

मी आठवायचा खूप प्रयत्न करते. आत्याचा आवाज आठवतो. तिचे हललेले ओठ आठवतात.

नाव आठवत नाही.