मोहाजवळ थांबणारा छकडा

यातला एक शब्दही मी रचलेला नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो ओमेश माझ्या वर्गात चार वर्षं बसला आहे. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते.

आणि रात्रही नव्हती. गेल्या माघातली गोष्ट. नवेगाव बांधच्या तलावापासून तीन किलोमीटरवर एका गावचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दुपारचे चार वाजलेले.

ज्यांनी पट पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. धान कापून झालं की बांध्या, म्हणजे धानाची छोटी शेतं, सपाट करून शेजारीशेजारी दोन लांब पट्ट्या आखतात. त्यांना दाणी म्हणतात. एका दाणीत एक हलका छकडा, दोन बैल आणि छकड्यावर वाकून उभा एकच माणूस... धुरकरी.

ओमेशचे वडील देवाजी जुन्या काळचे धुरकरी. सोळाव्या वर्षी छकड्यावर चढले. तेव्हा सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं, भोंगा नव्हता. बालाघाटपर्यंत त्यांचं नाव होतं. देवाजीची जोडी आली म्हटलं की लोक हातातला घास ठेवून धावत.

मग एका वर्षी याच गावचा पट जिंकून ते घरी आले आणि छकडा आढ्याला टांगला. पुन्हा कधी चढले नाहीत.

का, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पुढे पटावर बंदी आली. ती उठण्याआधीच देवाजी गेले.

आता ओमेशने स्वतःची जोडी तयार केली होती. याच दाणीत बापाचं नाव पुन्हा गाजवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आई शकुंतलाबाई एकच म्हणाली, "दुसऱ्या कोन्त्याही गावी पळव. त्या दानीत नको."

"काऊन पन, माय?"

ती तांदूळ निवडत राहिली.

पटाच्या दोन दिवस आधी, सकाळी, ओमेश बैलांना दाण दाखवायला गेला. धुकं होतं. मैदानात कुणी नव्हतं. त्याने उजव्या दाणीत छकडा उभा केला आणि हाक दिली.

बैल सुटले.

आणि डावीकडून... दुसऱ्या छकड्याचा आवाज आला.

चाकांची खडखड. बैलांचे फुत्कार. अगदी बरोबरीने.

त्याने मान वळवली. डावी दाण रिकामी होती.

पण त्याच्या बैलांचे कान तिकडेच वळले होते. एकटे असताना ते कधीच पळाले नव्हते, असे पळत होते.

मध्यावर दाणीच्या कडेला एक मोहाचं झाड आहे. तिथे पोचताच तो आवाज... थांबला.

मागे पडला नाही. विरला नाही. थांबला.

ओमेशने पुन्हा एकदा जोडी सोडली. पुन्हा तोच आवाज. आणि पुन्हा मोहाजवळ... शांतता.

घरी येऊन त्याने विचारलं, "माय, मोहाजवळ काय झालं होतं?"

तिचा हात सुपातच राहिला.

"तुले कोन सांगितलं?"

मग ती बोलली. देवाजीच्या शेवटच्या पटात शेजारच्या दाणीत बकाराम नावाचा धुरकरी होता. मोहाजवळ तो छकड्यावरून फेकला गेला, तो थेट देवाजीच्या दाणीत. एक पडला की दुसऱ्याने कासरा ओढायचा आणि पट पुन्हा पळवायचा, ही रीत.

"तुह्या बाबानं कासरा नाही ओढला. चाक त्याच्या छातीवरून गेलं. तो तिथंच मेला. थांबता आलं असतं, थांबता आलं असतं, असं झोपेत बोलत राहे मरेपर्यंत."

"मंग मी नाव काढून घेऊ?"

"घे."

त्याने घेतलं नाही.

पटाच्या दिवशी शेवटची लढत ओमेश आणि कोहमाऱ्याचा हेमेंद्र यांच्यात लागली.

"काय बे ओमेश," हेमेंद्र डाव्या दाणीतून ओरडला, "मायले विचारून आला का?"

लोक हसले. ओमेशही हसला.

झेंडी पडली.

धूळ, आरडाओरडा, दोन छकड्यांची खडखड. ओमेश पुढे होता. हेमेंद्र एक मान मागे.

आणि मग... तिसरा छकडा.

या वेळी आवाज त्याच्याच दाणीतून येत होता. त्याच्या पाठीमागून.

त्याने मागे पाहिलं नाही. मोह जवळ आला. अजून जवळ...

आवाज थांबला.

ओमेशने दोन्ही हातांनी कासरा ओढला.

बैल मागच्या पायांवर बसल्यासारखे थांबले. त्याच क्षणी डाव्या दाणीत काहीतरी कडाडलं. हेमेंद्रचं जू मोडलं होतं. तो हवेत फेकला गेला आणि ओमेशच्या दाणीत पडला. ओमेशच्या बैलांच्या खुरांपासून त्याचं डोकं वीतभर लांब होतं.

खांदा निखळला होता. पण जिवंत होता.

"बे..." तो धापा टाकत म्हणाला, "मी पडाच्या आधीच तू कासरा ओढला. कायले?"

ओमेश छकड्यावरून खाली उतरला.

तेवढ्यात लोकांनी दाणीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे दुलीचंद नावाचे म्हातारे जोडी पोचल्याची लाल झेंडी हलवत होते. जोरजोरात.

ओमेश धावत गेला. "काका, कोनाले पाहून झेंडी हलवता? दोन्ही छकडे तं मोहाजवळ उभे आहेत!"

"आली ना जोडी," दुलीचंद म्हणाले. "माह्या समोरून गेली. पांढरी जोडी. धुरकरी मागं वळून पाहून राहिला होता... मोहाकडं."

त्या दिवशी पटात एकही पांढरी जोडी उतरली नव्हती.

वर्ष होत आलं. त्या शेवटच्या पटात बकारामचे बैल कोणत्या रंगाचे होते आणि देवाजीचे कोणत्या, हे शकुंतलाबाईला माहीत आहे. ती घरातच असते. विचारलं तर सांगेल.

ओमेशने अजून विचारलेलं नाही.