तिसरा खटका

ती गाडी गॅरेजमध्ये आली तीच मुळी पाठमोरी.

खोटं सांगत नाही. दुपारची वेळ, बारीक भुरभुर पाऊस, आणि रस्त्याच्या त्या टोकापासून एक जुनी डिझेल गाडी शेपूट पुढे करून, काळा धूर सोडत, रिव्हर्समध्ये निघालेली. बसवाल्याने तिला वाट दिली. कुत्री भुंकायचं विसरली. एक आजोबा छत्री मिटून बाजूला उभे राहिले. त्यांना वाटलं, काहीतरी सरकारी असावं.

गॅरेजच्या दारात उस्ताद हात पुसत उभी होती. उस्ताद म्हणजे एक तरुण मुलगी. केसांना रुमाल, गालावर ग्रीसचा फराटा. बाबांची पाठ कामातून गेली तेव्हापासून गॅरेज तिनेच चालवलेलं. बाबा दारातल्या खुर्चीत बसून फक्त मतं द्यायचे. तिच्या हातून गेलेली गाडी पंधरा वर्षं परत येत नाही, असं लोक म्हणायचे. गॅरेज तिच्या हाती येऊन सहा वर्षं झाली होती, पण लोकांना कोण अडवणार?

गाडी बरोबर दोन खांबांच्या मधे येऊन थांबली. आतल्या माणसाची मान अजून मागेच वळलेली.

"मान अडकली का?" तिने विचारलं.

"थोडी. बाजारापासून मागेच बघत आलोय."

"आता पुढे बघायला हरकत नाही."

"नको," तो मागच्या काचेतून तिच्याकडे बघत म्हणाला, "इकडचं बरं दिसतंय."

बाबांना खुर्चीत खोकला आला. तो खोकला नव्हता.

"तक्रार काय आहे?" उस्तादचा चेहरा जसाच्या तसा. गालावरचा फराटा मात्र जरासा हलला.

"पुढचे गिअर पडत नाहीत. फक्त मागचा पडतो."

"आणि जायचंय कुठे?"

"पुढे."

तो गुरांचा डॉक्टर होता. डोंगरापलीकडच्या मोठ्या डेअरीत त्याला नोकरी लागली होती, आणि सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. तिथली गुरं वाड्यावाड्यांवर पांगलेली; गाडी नसेल तर डॉक्टर असून नसून सारखाच. गाडी मावशीची, वयाने जवळजवळ त्याच्याएवढी, आणि ऑटोमॅटिक.

"साधी गिअरची गाडी घ्यायची सोडून हिच्या मागे का लागलात?"

त्याने डावा गुडघा थोपटला. "एका म्हशीला माझं इंजेक्शन आवडलं नाही. तेव्हापासून हा पाय क्लच दाबायला नाही म्हणतो."

"आणि म्हैस?"

"मजेत आहे. चौकशी करते माझी."

ती हसणार होती... पण गिऱ्हाईक नवं होतं. तिने गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर ओढली, नाकाशी नेली. तेल काळं, जळक्या वासाचं.

"आतल्या प्लेटा जळाल्यात. गिअरबॉक्स उतरवायचा, प्लेटा बदलायच्या, परत चढवायचा. शनिवारी या. गाडी तोंड पुढे करून जाईल."

"बाकीचे सगळे म्हणाले, भंगारात द्या. तुम्हाला इतकी खात्री?"

"गाय व्यायली की वासरूच होणार, याची तुम्हाला असते ना? तेवढी."

शनिवारी या म्हटलं, तर हा गृहस्थ दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर. "दिवा धरायला कुणी लागत असेल," म्हणाला. लागत नव्हतं. उस्ताद म्हणाली, "लागतं."

गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच टेकूंवर, चढली. खालचा लांब शाफ्ट निघाला, तेलाच्या नळ्या निघाल्या, आणि त्यातल्या एका नळीने डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर असा काही अभिषेक केला की बाबा खुर्चीतून म्हणाले, "आता हा आपल्यातला झाला."

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे भोपळ्याएवढा एक गोल डबा असतो, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. त्याचे बोल्ट एका लहानशा खिडकीतून सोडायचे असतात, आणि खिडकीसमोर एका वेळी एकच बोल्ट येतो. म्हणून एकाने पुढून पान्याने इंजिन हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्याने खालून बघत राहायचं. तो फिरवत होता. ती खाली झोपली होती.

"थोडं..."

"एवढं?"

"अजून..."

"आता?"

"बस — हं. तिथेच राहा."

सगळे बोल्ट सुटेपर्यंत एवढंच संभाषण. पण त्यातलं शेवटचं "तिथेच राहा" इतकं हळू आलं की डॉक्टर पाना धरून उभे राहिले ते राहिलेच. तिने बाहेर येऊन पाना काढून घेतला तेव्हा त्यांना समजलं की इंजिनाचं काम संपलं.

मग रोज असंच. गिअरबॉक्स टेबलावर उघडलेला, नव्या प्लेटा तेलात भिजत पडलेल्या, पत्र्यावर पाऊस, आणि स्टुलावर बसून तिला एकेक सुटा भाग पुसून देणारा डॉक्टर. ती न बघता हात पुढे करायची, आणि हवी ती वस्तू हातावर यायची. कधी कधी वस्तू आल्यावरही दोन्ही हात तिथेच राहायचे, क्षणभर... मग ती म्हणायची, "स्प्रिंग द्या," आणि स्प्रिंग तिच्याच हातात असायची.

तिला कळत नव्हतं असं नाही. जितकं काम चांगलं, तितका हा माणूस लवकर डोंगरापलीकडे जाणार. आणि वाईट काम तिला येत नव्हतं. शिकलीच नव्हती.

शनिवारी दुपारी गिअरबॉक्स चढवायचा होता. त्याआधी तो भोपळा गिअरबॉक्सच्या तोंडात बसवायचा. फिरवत फिरवत आत सोडला की आतल्या खाचा एकामागोमाग बसतात. तीनदा खट्ट होतं. तिसरा खटका झाला नाही तर तो अर्धवट राहतो. तसाच चढवून बोल्ट आवळले तर आतला पंप फुटतो.

"मग म्हशीने काय केलं?" ती भोपळा फिरवत होती. खट्ट.

"तिने आधी माझ्याकडे पाहिलं. प्रेमाने."

"तुम्हाला बरं कळलं प्रेमाने ते?" खट्ट.

"मला कळतं ते. उशिरा कळतं, पण कळतं. मग तिने मागचा पाय असा उचलला..."

त्याने पाय उचलून दाखवला, तोल गेला, हात शेजारच्या जॅकवर आपटला — खट्ट — आणि उस्ताद इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसावं लागलं. मग तिने गिअरबॉक्स जॅकवर घेतला आणि गाडीखाली सरकवला.

तो वर गेला. इंजिनाला भिडला. आणि भिडता भिडता बोटभर फट राहिली.

कुणीही बोल्ट आवळून ती फट मिटवली असती. उस्तादने पाना खाली ठेवला.

"उतरवावा लागेल."

"का? जरासंच तर राहिलंय."

"तिसरा खटका झालाच नाही. मी जॅकचाच आवाज तिसरा धरला." ती छताकडे बघत होती, म्हणजे गाडीच्या पोटाकडे. "माझं चुकलं. आज गाडी मिळणार नाही. उद्या दुपारी."

बाबा खुर्चीत गप्प. बाबा गप्प म्हणजे गोष्ट गंभीर.

डॉक्टर ओठांच्या कोपऱ्यात हसत म्हणाले, "उस्ताद... मुद्दाम नाही ना केलंत?"

ती गाडीखालून सरकन बाहेर आली.

"काय म्हणालास?"

'तुम्ही' कुठे पडलं, कुणालाच कळलं नाही. गाडीखालीच राहिलं असावं.

"मी माझ्या हाताने मुद्दाम वाईट काम करीन? तुला थांबवायचंच असेल तर तुझी गाडी कशाला मोडू? तोंड आहे मला. थांब म्हणेन की सरळ."

"मग म्हण ना."

"नाही म्हणणार. आता तर मुळीच नाही. जॅक धर."

त्याने जॅक धरला. गिअरबॉक्स खाली आला. त्या संध्याकाळी दोघांत एकही शब्द झाला नाही, आणि बाबांनी चहा तीनदा मागवला, तीनदा गार होऊ दिला.

रविवारी सकाळी तो आला. दुसरा पांढरा शर्ट घालून. सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काल चुकीचं विचारलं. तुझ्या कामावर शंका नव्हती. तू मुद्दाम केलं असतंस, तर... मला फार आवडलं असतं. म्हणून तोंडातून गेलं."

उस्तादने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ, गाडीचा आवाज ऐकावा तसं.

"बाही वर कर," ती म्हणाली. "त्या बाजूने धर. आणि यावेळी म्हैस नको."

चार हात भोपळ्यावर. पहिला खटका झाला. दुसरा झाला. तिसरा येईना. त्याने जरा रेटलं.

"ढकलू नकोस. जोर लावला की अडतं. नुसतं फिरवायचं आणि वजन सोडून द्यायचं."

पाऊस थांबला होता. पत्र्यावरून एकेक थेंब गळत होता. त्याची बोटं फिरता फिरता तिच्या बोटांवर आली, आणि तिने आपली काढली नाहीत.

खट्ट.

दोघांनी एकदमच वर पाहिलं. तिने तरीही पट्टी लावून खोली मोजली. प्रेमात पडलेला मेकॅनिक असला तरी मेकॅनिकच असतो. बरोबर होती.

"आता बोल," ती म्हणाली.

"मला ती नोकरी हवी आहे." तो तिची बोटं सोडत नव्हता. "आणि तू हवी आहेस. दोन्हीतलं एकच घे म्हणालीस तर —"

"कोण म्हणतंय एकच घे? मी गॅरेज सोडणार नाही. तू गुरं सोडू नकोस. मधे डोंगर आहे, तर आठवड्याला एकदा तू चढ, एकदा मी चढेन. पुढे कुठे राहायचं ते लग्नाच्या वेळी बघू."

"लग्न?"

"का? मुद्दाम म्हणतेय असं वाटतंय?"

खुर्चीतून परत तो खोकला आला.

यावेळी गिअरबॉक्स वर गेला आणि इंजिनाला हातानेच चिकटला, फट न ठेवता. बोल्ट, शाफ्ट, नळ्या, नवं लाल तेल. दुपारी तिने इंजिन चालू केलं. तो चालकाच्या जागी बसला, ती शेजारी. दांडा पुढच्या गिअरवर आला. क्षणभर काहीच नाही... मग गाडीने सुस्कारा टाकल्यासारखं अंग सैल केलं आणि निघाली. तोंड पुढे करून.

"डोंगर चढवून आणा," बाबांनी हाक मारली. "सपाटीवर कोणीही चालतं. आणि वर पोचलात की तेल तपासा. गरम असतानाच मोजायचं असतं, ठाऊक आहे ना?"

"मला सांगताय, बाबा?"

चढ लागला. गाडी आपली आपण गिअर बदलत होती; कळतही नव्हतं. ऑटोमॅटिक गाडीची एक गंमत आहे. चालवणाऱ्याचा एक हात दिवसभर रिकामा असतो. त्याचं काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. डॉक्टरांनी पहिल्याच वळणावर ठरवलं.

वर पोचल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. पलीकडे डेअरीचे लांबलचक पत्रे चमकत होते, अलीकडे गॅरेजचा लहानसा. दोन्ही एकाच जागेवरून दिसत होते. उस्तादला बॉनेट उघडायची आठवण झाली तेव्हा तेल केव्हाच गार पडलं होतं.

मग काय करणार? तेल तर गरमच मोजायला हवं. गाडी वळवून ते खाली उतरले आणि तोच चढ पुन्हा चढले.